मुंबईत सरकारने भाड्याची घरं बांधावीत आणि ती विकू नयेत

अकरा_महिन्यांचा_पाहुणा: परवा सहा वर्षांतला चौथा टेम्पो बोलावला. दर वेळी नवं डिपॉझिट, एक महिन्याचं भाडं दलालाला, आणि जुने पडदे नव्या खिडकीला आखूडच. 2008 मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगराचं सरकारी विकास प्राधिकरण) भाड्याच्या घरांची योजना आणली, 160 चौरस फुटांच्या खोल्या. पुढे पनवेलजवळ कोनला दोन-दोन खोल्या जोडून लॉटरीने गिरणी कामगारांना विकल्या. त्यांना घर मिळालं, छानच. पण लॉटरी न लागलेल्याने राहायचं कुठे?

चाळमालकाची_नात: दादा, सरकार घरमालक म्हणून कसं असतं ते मुंबईतल्या सरकारी बीडीडी चाळींत बघा. 1920च्या दशकातल्या खोल्या, त्याही 160 चौरस फुटांच्याच, संडास सामायिक. भाडं नाममात्र, मग दुरुस्ती कशातून होणार? आता पुनर्विकासात तिथल्या भाडेकरूंना 500 चौरस फुटांची मालकीची घरं. आमच्या गिरगावातल्या इमारतीत एका खोलीचं भाडं महिना 83 रुपये येतं. प्लंबर नुसता बघायला येण्याचे 300 घेतो.

ठाण्याची_वकीलीण: ताई, 1947चा भाडेनियंत्रण कायदा जाऊन नवा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते. लीव्ह अँड लायसन्स (घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा करार) संपूनही माणूस हलला नाही, तर दुप्पट शुल्क. भाडेकरू घर बळकावेल ही भीती आता जुनी झाली.

चाळमालकाची_नात: 83चे 4 टक्के म्हणजे 3 रुपये 32 पैसे. चहा पाजते तुम्हाला, अर्धा.

कुलूपबंद_फ्लॅट: मी बळकावण्याला घाबरत नाही, हिशेबाला घाबरतो. दीड कोटीचा फ्लॅट, भाडं 35 हजार. वर्षाला 2.8 टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा. वर रंगकाम. किल्ली कपाटात बरी.

ठाण्याची_वकीलीण: त्यात भर म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून जादा पैसे, लावते (सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत). कुलूप लावून ठेवलात तर काहीच नाही!

अकरा_महिन्यांचा_पाहुणा: मग हेच उलटं करा. भाड्याने दिला तर माफ, वर्षभर बंद तर पालिकेचा जादा कर. आणि सरकारी घरांचं भाडं गोठवू नका, पगारासारखं वाढू द्या. मी भरेन.

कुलूपबंद_फ्लॅट: आई सहा महिने गावी असते. तिचं घर बंद धरणार की चालू?

अकरा_महिन्यांचा_पाहुणा: चालू. काकूंचं नाही हो, तुमचं दुसरं म्हणतोय.