मदत हवी आहे: मोबाइल कंपनी बदलण्याआधी नेटवर्क कसं पारखावं?

नमस्कार मंडळी, घरातले सगळे नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करायचा विचार आहे. सध्याच्या कंपनीचा प्लॅन वाईट नाही, पण घरात बोलता बोलता फोन कट होतो. आई एकटी असताना तिचा फोन लागत नाही, तेव्हा जीव टांगणीला लागतो.

नव्या कंपनीच्या नकाशावर आमचा भाग पूर्ण कव्हर झालेला दिसतो. पण असे नकाशे बहुतेक गणिताने काढलेले असतात आणि घराबाहेरचा सिग्नल दाखवतात. 700 ते 900 मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी आत येतात, 3500 च्या, ज्यांवर 5जी बऱ्याचदा चालतं, त्या फारशा येत नाहीत. म्हणजे 5जी आहे एवढ्यावर भागत नाही. कुठला बँड (म्हणजे लहरींचा पट्टा) घरात पोचतो हे कसं तपासता? फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायच्या एककात) दिसतो. उणे 85 चांगला आणि उणे 110 कमजोर, इतपत कळतं. पण संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की चांगला सिग्नल असूनही नेट रखडतं, ते आधी कसं ओळखायचं?

कंपनी प्लॅनसोबत हप्त्यावर हँडसेटही देते आहे. तो लॉक, म्हणजे फक्त त्याच कंपनीच्या सिमवर चालणारा, असेल तर पुढे अडकायला होईल, म्हणून मला स्वतःचाच फोन वापरणं बरं वाटतं. मात्र फोनमध्ये व्होल्टीई (4जी नेटवर्कवरूनच कॉल करायची सोय) असूनही काही कंपन्या ते ठरावीक मॉडेलनाच चालू करून देतात. सिम घेण्याआधी याची खात्री कुठे होते?

आणि तक्रार केल्यावर खरंच माणूस फोन उचलतो का, हे वापरणाऱ्यांनी जरूर सांगा.