वाघाच्या गळ्यातला पट्टा रेंज नसताना चालतो कसा?

कोयनाकाठ: आमच्या वाडीत फोनला रेंज घ्यायला टेकडी चढायला लागते, मग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाच्या कॉलरचा सिग्नल जातो कुठनं? आणि त्या जिवाला ओझं होत नाही का ओ?

शिराळकर: दादा, टॉवर लागतच नाही त्याला, जीपीएसनं जागा कळते आणि सॅटेलाइटवरनं माहिती जाते, फक्त दाट झाडीत, खोल घळीत लोकेशन चुकतं. वजन शक्यतो जनावराच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत ठेवतात. आमच्या चुलत्यांनी वनरक्षकाला सड्यावर अँटेना फिरवत टिकटिक ऐकताना बघितलंय, ती व्हीएचएफची, म्हणजे पट्ट्यातनं येणाऱ्या रेडिओ सिग्नलची, पद्धत जुनी पण भरवशाची.

पाटणची_ताई: हालचालीचा सेन्सरपण असतो, बरेच तास जनावर हललंच नाही की वेगळा सिग्नल येतो. बॅटरी मात्र जपायला लागते, सारखं लोकेशन घेतलं की लवकर संपते.

कोयनाकाठ: ताई, जीव वाचणार असंल तर पट्टा पाहिजेच!