मदत हवी आहे: डेल्टा आणि ओमायक्रॉनच्या विषाणूभाराची तुलना नुसत्या सीटीवरून करता येईल का?

शेवाळ

नमस्कार मंडळी. थिसिससाठी आरटी-पीसीआर लॅबमधला जुना डेटा वापरायचा आहे. एप्रिल ते जून २०२१ मधले डेल्टाचे नमुने आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मधले ओमायक्रॉनचे (बीए.१, बीए.२). व्हेरियंट सिक्वेन्सिंगने ठरलेला आहे. प्रत्येकाचा सीटी (कितव्या सायकलला सिग्नल उठला तो आकडा; विषाणू जास्त तर सीटी कमी) एक्सेलमध्ये आहे. ओमायक्रॉनचा सरासरी सीटी डेल्टापेक्षा जास्त येतो. गाईड म्हणतात, फरक काढा, २ चा घात लावा आणि 'डेल्टात इतक्या पट विषाणू' असं लिहून मोकळे व्हा.

अडचणी अशा:

किट मध्येच बदललं. २०२१ मध्ये विषाणूचे ई आणि आरडीआरपी जीन, २०२२ मध्ये एन आणि ओआरएफ१एबी.

एक्स्ट्रॅक्शन (नमुन्यातून आरएनए वेगळा काढणं) आधी हाताने, स्पिन कॉलमवर: २०० मायक्रोलिटर व्हीटीएम (स्वॅब ज्यात ठेवतात ते द्रव), ५० मध्ये एल्युशन (काढलेला आरएनए द्रवात उतरवणं). नंतर मॅग्नेटिक बीड्सचं मशीन आलं: तेवढंच व्हीटीएम, पण एल्युशन १०० मध्ये. टेम्प्लेट (पीसीआरमध्ये टाकलेला आरएनए) दोन्हीकडे ५ मायक्रोलिटर.

लक्षणं कधी सुरू झाली ही तारीख एसआरएफ फॉर्मवर (नमुन्यासोबतचा माहिती-अर्ज) असायला हवी, पण बऱ्याच फॉर्मवर तो रकाना कोरा आहे.

काही नमुन्यांचं उरलेलं व्हीटीएम उणे ८० ला आहे, सगळ्यांचं नाही.

यातून काही धड निघेल का?

पिपेटधारी

निघेल, पण गाईडांच्या वाटेने नाही.

आधी एल्युशन बघा. २०२१ मध्ये २०० मायक्रोलिटरमधला आरएनए ५० मध्ये उतरला आणि त्यातले ५ प्लेटमध्ये गेले. म्हणजे प्लेटच्या एका वेलमध्ये (खळग्यात) २० मायक्रोलिटर व्हीटीएमचा माल. २०२२ मध्ये १०० मध्ये उतरला, ५ गेले, म्हणजे १० मायक्रोलिटरचा माल. निम्मा माल म्हणजे सरळ एक सायकल उशीर. तुमच्या फरकातली एक सायकल विषाणूची नाहीच, ती मशीनच्या एल्युशन सेटिंगची आहे. आणि हे दोन्ही पद्धती सारखाच आरएनए काढतात असं धरून, तेही तपासल्याशिवाय धरता येत नाही. व्हीटीएमच्या नळ्याही बघा. एका खरेदीत ३ मिलीच्या आणि दुसरीत २ मिलीच्या आल्या असतील, तर तोच स्वॅब दीडपट पातळ होतो. ती आणखी अर्ध्या सायकलहून जास्त.

आता '२ चा घात'. तो फक्त एफिशियन्सी १०० टक्के असेल, म्हणजे दर सायकलला माल बरोबर दुप्पट होत असेल, तर. स्टँडर्ड कर्व्हचा (माहीत प्रमाणाच्या नमुन्यांच्या सीटीवरून काढलेल्या रेषेचा) स्लोप −३.३२ आला की १०० टक्के, −३.६ आला की साधारण ९० टक्के. −३.१ ते −३.६ मध्ये बसला तर किट चालतं असं सगळे धरतात, पण पटीत बोलताना हा फरक महागात पडतो.

नेहमीचं उदाहरण चीनमधल्या ग्वांगडोंगचं. मे-जून २०२१ मध्ये तिथे क्वारंटाइनमधल्या संपर्कांची रोज तपासणी होत होती. डेल्टावाल्यांचा पहिल्या पॉझिटिव्ह दिवसाचा सीटी २०२० मधल्या सुरुवातीच्या प्रकारांपेक्षा साधारण १०.३ सायकल खाली होता. २ चा १०.३ वा घात म्हणजे १२६०, आणि तिथूनच 'डेल्टात हजारपट विषाणू' जगभर पसरलं. तोच फरक ९० टक्के एफिशियन्सीने, म्हणजे १.९ च्या घाताने मोजला, तर साधारण ७४० येतं. शिवाय ती तुलना पहिल्या पॉझिटिव्ह दिवसाची होती, शिखराची नव्हती. डेल्टा संपर्कानंतर सुमारे ४ दिवसांत सापडत होता, आधीचे प्रकार ६ दिवसांत. चढ किती वेगाने झाला हे ते सांगतं. माथा किती उंच, ते सांगत नाही. बातम्यांत हा भेद कुठल्या कुठे वाहून गेला.

म्हणून सीटीत बोलूच नका, लॉग (१० च्या घातात) कॉपीज प्रति मिलीमध्ये बोला. समजा कर्व्हचा इंटरसेप्ट (एका कॉपीला येईल तो सीटी) ३८ आणि स्लोप −३.४. सीटी २४ असेल तर (३८ − २४) ÷ ३.४ = ४.१२ लॉग प्रति वेल. २० मायक्रोलिटरवरून एका मिलीवर जायला ५० ने गुणायचं, म्हणजे १.७० मिळवायचे. झाले ५.८२ लॉग, सुमारे साडेसहा लाख कॉपीज. दुसऱ्या किटचा इंटरसेप्ट ४० आणि स्लोप −३.६ असेल, तर त्याच सीटी २४ चे ६.१४ लॉग होतात, म्हणजे सुमारे चौदा लाख. सीटी तोच, उत्तर दुपटीहून जास्त.

अनुक्रम

पिपेटधारींशी सहमत. जीनचा मुद्दा राहिला.

ई आणि एन यांचे सीटी शेजारी ठेवूच नका. पेशीत विषाणू वाढताना लहान सबजिनोमिक आरएनए तयार होतात आणि एनचा तुकडा त्या सगळ्यांत असतो. ओआरएफ१एबी आणि आरडीआरपी फक्त पूर्ण जिनोमवर. त्यामुळे एकाच नळीत एन लवकर उठतो आणि ओआरएफ मागून येतो, विषाणू तेवढाच असताना.

दुसरं, प्रायमरखालचा (पीसीआर जिथून सुरू होतो त्या लहान डीएनए तुकड्याखालचा) क्रम व्हेरियंटगणिक बदलतो. एनसाठी चीनच्या सीडीसीचा प्रायमर-संच असेल, तर फॉरवर्ड प्रायमर २८८८१ या स्थानापासून सुरू होतो आणि त्याची पहिली तीन अक्षरं जीजीजी आहेत. ओमायक्रॉनमध्ये तिथे एएसी आहे, तिन्ही अक्षरं जुळत नाहीत. डेल्टात फक्त २८८८१ चा जी बदलून टी झालाय. ई साठी बर्लिनच्या शारिटेचा संच असेल, तर ओमायक्रॉनचा सी२६२७०टी हा बदल फॉरवर्ड प्रायमरच्या दुसऱ्या अक्षरावर बसतो. हे सगळे ५-प्राइम (प्रायमरच्या सुरुवातीच्या) टोकाचे बदल, त्यामुळे सहसा सीटीवर फार परिणाम करत नाहीत. ३-प्राइम (जिथून प्रत पुढे वाढते त्या) टोकाच्या शेवटच्या पाचेक अक्षरांत न जुळणारं एखादं अक्षर आलं असतं तर झोप उडाली असती. बऱ्याच कंपन्या प्रायमरचा क्रम देत नाहीत. मग सोपी चाचणी करा. प्रत्येक नमुन्याचा एन वजा ओआरएफ१एबी फरक काढा आणि व्हेरियंटनुसार आलेख मांडा. विषाणू कितीही असला तरी हा फरक साधारण स्थिर राहायला हवा. एका व्हेरियंटमध्ये अख्खा ढीग सरकलेला दिसला, तर प्रायमरवर संशय घ्या.

एस जीनचा विचारही नको. ६९-७० चं डिलीशन (गळालेला तुकडा) अल्फा आणि बीए.१ मध्ये आहे, डेल्टा आणि बहुतेक बीए.२ मध्ये नाही. काही किटांत तिथे सिग्नलच येत नाही. व्हेरियंट ओळखायला ते छान, भार मोजायला कुचकामी.

रेसिडेंट_आयसोलेशन

एवढं कशाला? प्रत्येक नमुन्याचा आरनेस पी (स्वॅबमधल्या मानवी पेशींचा कंट्रोल) आहे ना. डेल्टा सीटी काढा, म्हणजे विषाणूच्या सीटीतून त्याचा सीटी वजा करा (व्हेरियंट नव्हे, फरकवाला डेल्टा 😄), स्वॅबचा फरक आपोआप निघून जाईल.

पिपेटधारी

नाही निघत. आरनेस पी हा मानवी जीन. डीएनेस (डीएनए तोडणारं एन्झाइम) दिलं नसेल तर त्यात पेशींचा डीएनएही मोजला जातो. आणि घशाला सूज असली की स्वॅबवर पेशी जास्त येतात, म्हणजे भाजक आजारासोबतच हलतो. खराब स्वॅब ओळखून बाजूला काढायला तो वापरा. भागाकाराला नको.

आकडेमोड

मला लॅबपेक्षा नमुने कुणाचे, याची जास्त काळजी वाटते.

सिक्वेन्सिंगला कोणते गेले? इन्साकॉगसाठी (भारतातलं सिक्वेन्सिंग लॅबचं जाळं) सीटी २५ किंवा त्याहून कमी असलेले मागवले जायचे. तुमचे तसेच गेले असतील, तर दोन्ही व्हेरियंटांची वरची शेपटी (जास्त सीटीचे नमुने) आधीच छाटलेली आहे. त्यातही छाटणी वेगवेगळ्या किटांवर आणि वेगवेगळ्या जीनवर झालेली. अशा सरासऱ्यांतून फरक काढणं म्हणजे उंचीची अट घालून भरती केलेल्या दोन पलटणींची सरासरी उंची ताडून बघण्यासारखं.

लाटेचा टप्पा बघा. लाट चढत असताना तपासणीला येणाऱ्यांत ताजी लागण झालेले जास्त, म्हणून सीटी कमी. उतरताना जुने जास्त, सीटी जास्त. महाराष्ट्रात दुसरी लाट एप्रिल २०२१ च्या उत्तरार्धात माथ्यावर होती, म्हणजे तुमचा मे-जूनचा डेल्टा उतरत्या लाटेतला. हा पूर्वग्रह तुमच्या निष्कर्षाच्या उलट दिशेला ओढतो, एल्युशनचा त्याच दिशेला. कोण किती ओढतो हे या डेटातून कळणार नाही.

कोणाची तपासणी झाली हेही बदललं. १० जानेवारी २०२२ च्या आयसीएमआरच्या सूचनेनंतर, जोखमीच्या गटात नसलेल्या संपर्कांची तपासणी करायची गरज उरली नाही. त्यात २०२२ मधले बहुतेक लस घेतलेले किंवा आधी लागण झालेले. 'ओमायक्रॉनमुळे' आणि 'प्रतिकारशक्तीमुळे' हे दोन धागे इथे गुंतलेले आहेत, ते सोडवायला लसीच्या डोसांचा रकाना हवाच.

आणि लक्षणांचा दिवस. आधी प्रतिकारशक्ती असलेल्यांत लक्षणं लवकर सुरू होतात आणि भाराचा माथा तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. पहिल्या दिवशी घेतलेला ओमायक्रॉनचा स्वॅब चढावर असतो. कोरे रकाने भरून काढायच्या भानगडीत पडू नका, ते नमुने मुख्य तुलनेतून काढा.

शेवाळ

सगळ्यांचे आभार. म्हणजे जुने सीटी विसरून व्हीटीएम पुन्हा चालवायचं? नेमकं कसं? आणि वायव्हामध्ये 'हा जिवंत विषाणू आहे का' असं विचारलं तर?

पिपेटधारी

हो, पुन्हा चालवा. ज्यांचं व्हीटीएम आहे आणि लक्षणांचा दिवस माहीत आहे, तेवढेच घ्या. दिवसानुसार जोड्या लावा: दुसऱ्या दिवसाचा डेल्टा, दुसऱ्या दिवसाचा ओमायक्रॉन. एका प्लेटवर दोन्ही मिसळून ठेवा. डेल्टाची एक प्लेट आणि ओमायक्रॉनची दुसरी असं केलंत, तर प्लेटचा फरक व्हेरियंटच्या नावावर जमा होईल. सगळं एकाच एक्स्ट्रॅक्शनने, एकाच लॉटच्या किटने, ओआरएफ१एबी किंवा आरडीआरपीवर, प्रत्येक नमुना दोन वेलमध्ये. दोन वेलमध्ये अर्ध्या सायकलहून जास्त तफावत आली तर पुन्हा. सीटी ३३ च्या पुढे गेला की तफावत वाढणारच, तिथे हट्ट नको.

प्रत्येक प्लेटवर कर्व्ह हवा: दहा लाख कॉपीजपासून दहापर्यंत, दहा-दहा पटीने पातळ करत, तीन-तीन वेल. पातळ करताना दर पायरीला टिप बदला आणि नळी नीट व्होर्टेक्स करा. स्लोप बिघडण्यामागे निम्म्या वेळा हेच असतं. स्टँडर्ड आरएनएचं घ्या, प्लाझमिडचं नको. प्लाझमिडला रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शनची पायरीच लागत नाही, मग तिथली गळती दिसत नाही. डब्ल्यूएचओच्या आंतरराष्ट्रीय मानकाशी जोडलेलं मिळालं तर उत्तम. डिसेंबर २०२० मधलं पहिलं मानक ७.७० लॉग आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली होतं. थ्रेशोल्ड (सिग्नलच्या ज्या पातळीवर सीटी ठरतो ती रेषा) मशीनवर आपोआप सोडू नका, सगळ्या प्लेटना एकच ठेवा. डिजिटल पीसीआर (कॉपीज थेट मोजणारा) कुठे उपलब्ध असेल तर कर्व्हची कटकटच नाही.

व्हीटीएम किती वेळा वितळलं याची नोंद शोधा. जास्त वेळा वितळलेले बाद.

वायव्हाचं उत्तर: नाही, हा फक्त आरएनए आहे. जिवंत विषाणू मोजायला बीएसएल-३ (उच्च जैवसुरक्षेची लॅब) लागतं. जिनिव्हातल्या गटाने व्हेरो ई६ पेशींवर तसं मोजलं, तेव्हा आरएनए आणि संसर्गक्षम विषाणू यांचा मेळ कमकुवत निघाला. ओमायक्रॉनमध्ये संसर्गक्षम विषाणू डेल्टापेक्षा जास्त आढळला नाही, पसरला मात्र झपाट्याने. त्यामुळे 'भार जास्त म्हणून प्रसार जास्त' हे वाक्य थिसिसमध्ये नको.

आकडेमोड

विश्लेषणात दोन गोष्टी. 'अनडिटर्मिन्ड' (सिग्नल न उठलेले) आलेल्यांना ४० भरू नका आणि गाळूही नका. टोबिट मॉडेलमध्ये 'मर्यादेखाली' म्हणून द्या. सरासरी लॉगवरच काढा, सरळ कॉपीजची काढलीत तर दोन-तीन नमुने अख्खा निकाल ओढून नेतात. मॉडेलमध्ये लक्षणांचा दिवस, वय, डोस आणि प्लेट घ्या. निकाल लॉगच्या फरकात, ९५ टक्के विश्वासांतरासह.

शेवाळ

बीए.१ आणि बीए.२ वेगळे ठेवू की एकत्र?

अनुक्रम

वेगळे. बीए.२ चे नमुने कमी पडले तर मुख्य तुलना डेल्टा विरुद्ध बीए.१ एवढीच ठेवा. प्लेटचा नकाशा झाला की इथे टाका, चालवण्याआधी नजर टाकतो.