सायबेरियातला 'गर्नस्ताय': मुंगूस म्हणावं का?

मेधा: पश्चिम सायबेरियातल्या जंगलावरचा एक रशियन लेख मराठीत आणतेय. त्यात गर्नस्ताय या लहान, लांबट शिकारी प्राण्याची 'टोबोलिका' ही उपप्रजाती आहे. 'मुंगूस' चालेल का?

अनिकेत: नको हो. मुंगूस नात्याने मांजर-तरसांच्या बाजूचं. गर्नस्ताय पाणमांजराचा भाऊबंद, आणि पाणमांजर नावापुरतंच मांजर! शिवाय मुंगूस म्हटलं की वाचकाला शेताचा बांध आणि साप दिसणार. हा गडी बर्फाखालच्या बिळांत शिरून उंदीरवर्गातले व्होल मारतो. पाणथळ भागातले मोठे पाणव्होल तर त्याचं खास खाणं. मादी नरापेक्षा बरीच लहान, त्यामुळे अरुंद बिळातही घुसते. सरळ 'स्टोट' लिहा.

रानवेडा: इंग्रजीत उन्हाळ्यातल्या तपकिरी जनावराला स्टोट आणि हिवाळ्यातल्या पांढऱ्याला अर्मिन म्हणायची रीत आहे. युरोपातल्या राजांच्या झग्यांवरचे काळे ठिपके म्हणजे अर्मिनच्या शेपट्यांची टोकं. अंग पांढरं झालं तरी शेंडा काळाच राहतो. प्राणिशास्त्रज्ञ रॉजर पॉवेल यांनी १९८२ साली शिकवलेल्या ससाण्यांपुढे नकली प्राणी ठेवून पाहिलं. शेपटीवर काळा डाग असला की ससाण्यांचा नेम चुकायचा. रशियनला दोन्ही ऋतूंत एकच शब्द पुरतो, म्हणून मी 'गर्नस्ताय'च ठेवीन.

मेधा: पटलं. पण पुढे अडलंय. 'मादी नऊ-दहा महिने गाभण असते' असं वाक्य झालंय.

अनिकेत: तिथे 'गाभण' फसवं आहे, ताई. समागम उन्हाळ्यात होतो, पण गर्भ थोडासा वाढून थांबतो आणि गर्भाशयात नुसता तरंगत राहतो. वसंताच्या सुमारास दिवस मोठे होऊ लागले की रुजतो आणि मग महिन्याभरात पिल्लं. गाय गाभण म्हणजे वासरू वाढतंय, हे आपल्या कानात पक्कं बसलंय. 'गर्भ उशिरा रुजतो' असं लिहा. 'रुजणे' इथे चपखल बसतं. आणखी एक गंमत: बिळातल्या, डोळेही न उघडलेल्या माद्यांशीही नर समागम करतो. म्हणजे पोरगी बीळ सोडते तीच गर्भ घेऊन!

रानवेडा: आणि 'उपप्रजाती' नको. मराठी विश्वकोशाच्या रीतीने प्रजातीच्या (इंग्रजीत जीनस) पोटात जाती (स्पीशीज), जातीच्या पोटात उपजाती. हिंदीच्या प्रभावाने आपण सगळ्यालाच प्रजाती म्हणू लागलोय.

मेधा: 'उपजाती' केलं. तळटीपेत लडाखचा उल्लेख टाकते, तिथेही हाच प्राणी आहे ना?

अनिकेत: जात तीच, उपजात वेगळी. टोबोलिका मात्र लिहू नका.