इंदूरकरांनो, नागीण आणि एमएस : कामाचं तेवढं लिहा

नागीण (हर्पिस झोस्टर) येऊन गेली की पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू-मज्जारज्जूच्या नसांचा आजार) होतो का, ही धास्ती बऱ्याच घरांत आहे. रोज असे पेशंट बघणाऱ्यांनी लिहावं. आपबीती नको; डोस, दिवस आणि कुठे चुकतं ते सांगा.

न्यूरोलॉजी ओपीडीतून

धास्तीचं मूळ तैवानच्या २०११च्या अभ्यासात आहे. नागिणीचे ३,१५,५५० पेशंट, आणि पुढच्या वर्षभरात एमएसचा धोका जवळजवळ चौपट. पण तिथे एमएस मुळातच दुर्मीळ, त्यामुळे चौपट होऊनही आकडा मूठभरच. एमएसच्या पेशंटच्या पाठीतल्या पाण्यात झोस्टरच्या, म्हणजे नागिणीच्या विषाणूच्या, अँटिबॉडी सापडतात हे खरं, पण गोवर-रुबेलाच्याही सापडतात. मग एकट्या झोस्टरवर आळ कसा घ्यायचा? भक्कम पुरावा आहे तो ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू) या त्याच्या भाऊबंदावर : अमेरिकी सैनिकांच्या २०२२च्या अभ्यासात त्याची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट.

दवाबाजारातून

फोड दिसल्यापासून ७२ तासांत गोळी पोटात गेली पाहिजे. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाचदा, म्हणजे सकाळी ७, ११, दुपारी ३, संध्याकाळी ७, रात्री ११. लोक तीनदा घेतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात! तीनदाच जमणार असेल तर डॉक्टरांकडून वॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम लिहून घ्या, ७ दिवस. किडनी कमजोर असेल तर डोस कमी होतो, ते आधी सांगा. नुसत्या मलमाने नागीण आटोक्यात येत नाही. गेरू तर लावूच नका, खालचे फोड दिसत नाहीत.

वॉर्डातून, नर्स

एमएसमध्ये छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. नागिणीतही फोड यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसती आग असते, म्हणून घोटाळा होतो. एमएसचा पट्टा दोन्ही अंगांना जाऊ शकतो. नागीण एकाच कुशीला, पाठीच्या कण्यापासून पुढे बेंबीच्या रेषेपर्यंत. तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणतात. शीर एकाच बाजूची, जुळणार कशी? बनियन वर करून उजेडात रोज पाठ बघा. लाल बुडावर पाणीदार फोडांचा घोस दिसला, तर एमएसच्या झटक्यासाठीची स्टेरॉइडची १ ग्रॅमची सलाइन लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

एमएसच्या पेशंटला तापात जुनी बधिरता वर येते, तो नवा झटका नव्हे. ताप उतरूनही २४ तास टिकली तर कळवा.

लसीकरणाच्या टेबलावरून

फिंगोलिमोड या एमएसच्या औषधाच्या आधी व्हीझेडव्ही आयजीजी (कांजिण्या-नागिणीच्या विषाणूच्या अँटिबॉडी) तपासतात. 'लहानपणी माता आली होती' एवढ्यावर भागत नाही. निगेटिव्ह आलं तर कांजिण्यांची लस, मग महिनाभर थांबायचं, कारण ती जिवंत लस. शिंग्रिक्स ही नागिणीची लस, ती जिवंत नाही. भारतात २०२३पासून मिळते. दोन डोस, २ ते ६ महिन्यांच्या अंतराने. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध लवकर सुरू व्हायचं असेल तर डॉक्टर अंतर १-२ महिन्यांवर आणतात. ऑक्रेलिझुमॅब या एमएसच्या औषधाच्या निदान २ आठवडे आधी हे उरका. ते अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी संपवतं, मग लसीला दाद देणार कोण?

कुपी २ ते ८ अंशांत. मे महिन्यात दवाबाजारातून नेताना लोक थेट बर्फात खुपसतात. मध्ये फडकं ठेवा. गोठलेली कुपी वितळवून चालत नाही, टाकूनच द्यावी लागते.