प्राथमिक वर्गांत व्यवसायांची ओळख

शाळांनी उद्योगांशी भागीदारी करून प्राथमिक वर्गांतच मुलांना व्यवसायांची ओळख करून देणे फार लवकर होते, हा आक्षेप मला पटत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार साधारण ६ ते ८ या वयात मुले कामांची ‘पुरुषांची’ आणि ‘बायकांची’ अशी विभागणी करू लागतात आणि त्यानंतर सामाजिक प्रतिष्ठेच्या निकषावर आणखी पर्याय मनातून वगळतात. म्हणजे माध्यमिक शाळेत मार्गदर्शन सुरू होईपर्यंत बरीच दारे त्यांनी स्वतःच बंद केलेली असतात. त्यामुळे उद्योगांशी अशा भागीदारीचा हेतू या वयात व्यवसाय निवडून देणे हा नसून निवडीचे क्षेत्र आकुंचित होऊ न देणे हा असावा.

यासाठी व्यवस्थापकाच्या भाषणापेक्षा प्रत्यक्ष काम करणारी माणसे, उदाहरणार्थ स्त्री वेल्डर किंवा पुरुष परिचारक, वर्गात यावीत, त्यांनी आपल्या कामातल्या मोजमापात अपूर्णांक कुठे लागतात ते मुलांकडूनच करवून घ्यावे आणि शिक्षकांनी तो धागा पुढच्या गणिताच्या तासाला पकडावा. कंपनीच्या जाहिरातीला मात्र वर्गात अजिबात स्थान नसावे, कारण जाहिरात आणि माहिती यांतला फरक लहान मुलांना नीट उमगत नाही. ही अट शाळा आणि कंपनी यांच्यातल्या करारातच लेखी असावी.