मदत हवी आहे: मुलांचा संगणकीय विचार तपासायचा कसा?

नमस्कार. मी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना स्क्रॅच (ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायची भाषा) शिकवते. वर्गात ३८ मुले, आठवड्याला एकच तासिका. पुढच्या सत्रापासून संगणकीय विचाराला, म्हणजे प्रश्न पायऱ्यांत मांडून सोडवण्याला, गुण द्यायचे आहेत आणि कशाला द्यावेत तेच ठरत नाही.

एका मुलाचा गेम देखणा आहे. व्हेरिएबल, क्लोन, आवाज, सगळे त्यात आहे. डॉ. स्क्रॅचने (प्रोजेक्टमधले ब्लॉक आपोआप तपासून गुण देणारी वेबसाइट) त्याला २१ पैकी १७ दिले. मी सहज विचारले, "हा 'सतत' ब्लॉक काढला तर काय होईल?" त्याला काहीच सांगता आले नाही. कुणाचा तरी प्रोजेक्ट रीमिक्स केला (घेऊन त्यात बदल केले) असेल, त्यात गैर काही नाही. पण मग ते १७ कुणाच्या विचाराचे?

दुसरी मुलगी समभुज त्रिकोण काढत होती. तीन वेळा '१०० पावले पुढे, ६० अंश वळ'. कोन ६०चा, म्हणून वळणही ६०. आकृती बंदच होईना. शेवटी ती उठली, फरशीवर स्वतः चालून, वळून पाहिले आणि ओरडली, "बाई, मांजर बाहेरच्या कोनातून वळते!" (मांजर म्हणजे स्क्रॅचमधले रेघ काढणारे पात्र.) १२० घातले, तास संपला. प्रोजेक्टमध्ये एकटा त्रिकोण, त्यामुळे गुण जेमतेम. मला तर अख्ख्या सत्रातला सर्वांत चांगला विचार तिथे दिसला होता.

२००४ मध्ये लिथुआनियात सुरू झालेल्या, संगणकीय विचाराच्या बेब्रास स्पर्धेचे प्रश्न मला आवडतात, प्रोग्रामिंग येत नसले तरी सुटतात. पण मजकूर मोठा असला की वाचनात मागे असलेली मुले अडतात. बहुपर्यायी चाचणीत अंदाजाने उत्तर बरोबर येऊ शकते. संशोधक ब्रेनन आणि रेझनिक यांनी २०१२ मध्येच, प्रोजेक्ट पाहण्याबरोबर मुलाशी त्यावर बोलायला हवे असे मांडले होते. पटते, पण ३८ जणांशी बोलू कधी? कुणी हे वर्गात निभावले असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १
त्या मुलीची चूक हाच तुमचा उत्तम प्रश्न आहे. ६० अंशांचा तोच प्रोग्राम कागदावर द्या. न चालवता काय उमटेल ते आधी काढायला सांगा (अर्धा षटकोन उमटतो, बहुतेक जण त्रिकोण काढतील). मग चूक कुठे आणि का, ते लिहायचे. मग दुरुस्ती. या तिन्हींचे गुण वेगळे ठेवा, एकत्र केले की कोण कुठे अडले ते कळत नाही. शेवटी पंचकोन काढायला सांगा. ज्याला ७२ सुचले त्याला कल्पना उमगली, ज्याने १२०च ठेवले त्याने उत्तर पाठ केले. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे वाचनाचा अडसर कमी होतो.

बोलण्यासाठी दर तासिकेला सहाच मुले घ्या, बाकीच्यांचे काम चालू राहू द्या. सात आठवड्यांत सगळी होतात. प्रत्येकाला दोनच प्रश्न: कुठे अडलास? हा आकडा बदलला तर काय होईल?

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. एक भर: पहिले पाचसहा कागद दुसऱ्या शिक्षकांकडूनही स्वतंत्रपणे तपासून घ्या. आमच्याकडे 'का' या प्रश्नाच्या गुणांत इतका फरक पडला की निकषच पुन्हा लिहावे लागले.

मूळ धागाकर्ती
मनापासून आभार! पंचकोनाचे मला सुचलेच नसते. एक शंका: मी थोडे सुचवल्यावर ज्याला जमले, त्याचे गुण कापायचे का?

प्रतिसाद १
मी कापत नाही. काय सुचवले ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवते. पुढच्या वेळी तेच मूल न सुचवता करते का, ते पाहायला ती नोंद लागते.